धनुष्य हलकं झालं, तयारी नाही

हंगामाआधी तिरंदाजाने काय करायचं? दंड कमवायचे, असंच तुम्ही म्हणाल. एकेकाळी ते बरंचसं खरं होतं. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवरच्या काही सांगाड्यांत खांद्याचं एक हाड जुळलेलंच नाही. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याची ती खूण असावी, असं अभ्यासक मानतात.

१९६९ मध्ये अमेरिकेत ॲलन यांना कंपाऊंड धनुष्याचं पेटंट मिळालं. त्याच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार बराच उतरतो. मग कस लागतो कशाचा?

२०२३ च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. प्रतिस्पर्ध्याचे होते १४९. एक बाण नऊवर गेला असता, तर बरोबरी! आणि प्रत्येक बाणाला वेळ फक्त २० सेकंद.

म्हणून वणीत नव्याने सुरुवात करणाऱ्यांनो, स्पर्धेआधीचे दोन-तीन महिने रबरी पट्टा ओढून पाठ आणि खांदे बळकट करा. सोबत घड्याळ लावून श्वास, नेम, सोडणं हा क्रम रोज तसाच गिरवा. हातात धनुष्य नसलं तरी हे दोन्ही जमतं.