कॅथेप्सिन के : स्तनाचा कर्करोग हाडांत का रुजतो?

स्तनाच्या कर्करोगात जिवावर बेतते ते बहुधा मूळ गाठीमुळे नव्हे, तर तेथून अन्यत्र पसरलेल्या पेशींमुळे. या पेशी सर्वाधिक वेळा हाडांत ठाण मांडतात. रोग बळावलेल्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या हाडांत त्याचा शिरकाव आढळतो. इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून या निवडीमागे योगायोग नसल्याचे दाखवले. बीज कितीही सकस असले, तरी ते अनुकूल मातीतच रुजते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हाडांची ही माती भुसभुशीत करणाऱ्या घटकांत ‘कॅथेप्सिन के’ या एन्झाइमचे स्थान मोठे आहे. ते प्रामुख्याने ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशींत तयार होते. रोगप्रतिकारक यंत्रणेतील मॅक्रोफेज आणि या पेशी एकाच कुळातल्या. मॅक्रोफेजमध्येही हे एन्झाइम सापडते. ऑस्टिओक्लास्ट आधी आम्ल स्रवून हाडातील खनिज विरघळवतात आणि मग कॅथेप्सिन के उघड्या पडलेल्या कोलॅजनचे तुकडे करते. निरोगी शरीरात जुने हाड काढून नवे घडवण्याचे काम असेच चालते. ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मतःच निष्क्रिय असते, त्यांची हाडे दाट पण ठिसूळ होतात.

कर्करोगाच्या पेशी याच व्यवस्थेचा गैरफायदा घेतात. त्यांनी स्रवलेल्या पीटीएचआरपी या प्रथिनामुळे हाड बांधणाऱ्या पेशी ‘रँक-एल’ हा संदेश पाठवतात आणि ऑस्टिओक्लास्टची संख्या वाढते. हाड झिजले की त्यात साठवलेले टीजीएफ-बीटासारखे वाढघटक मोकळे होतात आणि कर्करोगाच्या पेशींना अधिक बळ देतात. या दुष्टचक्राची परिणती वेदना, अस्थिभंग आणि रक्तातील कॅल्शियमच्या वाढीत होते.

मग हे एन्झाइमच रोखले तर? मर्क कंपनीच्या ओडानाकॅटिब या औषधाने हाडांची झीज घटवली. हाडांत कर्करोग पसरलेल्या स्त्रियांच्या एका छोट्या चाचणीतही तसेच दिसले. परंतु अस्थिविरलतेच्या मोठ्या चाचणीत पक्षाघाताचा धोका वाढल्याने २०१६ मध्ये त्याचा विकास थांबवण्यात आला.

आज वापरात असलेली औषधे एन्झाइमऐवजी ऑस्टिओक्लास्टलाच लक्ष्य करतात. झोलेड्रॉनिक आम्ल या पेशींना निकामी करते, तर डेनोसुमॅब रँक-एलला अडवते. झोलेड्रॉनिक आम्ल ज्या बिस्फॉस्फोनेट गटातले आहे, त्याविषयीच्या अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्राथमिक अवस्थेतील रोगात रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये हाडांतील पुनरुद्भव २८ टक्क्यांनी आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १८ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. माती बदलली तर बीजाला आवर घालता येतो, याचा हा पुरावा. या औषधांनी क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते. म्हणून उपचारांपूर्वी दंततपासणी करून घ्यावी.

उपचार संपून वर्षे लोटली, तरी रोग हाडांत परतू शकतो. मायदेशी असलेली आई किंवा बहीण या आजारातून बरी झाली असेल आणि दूरध्वनीवर न थांबणाऱ्या कंबरदुखीविषयी सांगत असेल, तर ‘वयोमानाने होतेच’ असे म्हणून विषय मिटवू नये. पाठदुखीसोबत पायांत अशक्तपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.