आरेचा बिबट्या कुठल्या उन्हावर जगतो?

आज पिकाचं नाही, जरा जुनं लिहितो.

आमचं भाताचं खाचर गोरेगावला, आरेत. रात्री कुत्रं भुंकता भुंकता एकदम गप झालं की पोरांना आत घ्यायचं, हे पाड्यावर कुणाला शिकवावं लागत नाही.

1949 साली सरकारने इथे दुग्ध वसाहत केली. त्याआधी म्हशी शहरातच, दाटीच्या तबेल्यांत असायच्या. दारा खुरोडींनी त्यांना बाहेर काढलं. 1287 हेक्टर जागा, सोळा हजार जनावरांची सोय. 1951 ला पंडित नेहरू उद्घाटनाला आले. चाऱ्यासाठी पॅरागवत लावलं.

आता हिशेब बघा. ऊन गवतात साठतं. म्हैस ते खाते, पण बरंचसं तिच्या अंगाच्या उबेत आणि चालण्या-रवंथ करण्यातच संपतं. थोडं दुधात, थोडं शेणात. शेणातलं शेणकिडे, गांडुळं, जिवाणू खातात. आपण शेणखत टाकतो तेव्हा नत्र, स्फुरद फिरून पिकाला मिळतं. ऊन मात्र परत मिळत नाही, ते उष्णता होऊन गेलं. त्यासाठी रोज नवा सूर्य लागतो.

रेमंड लिंडमन या अमेरिकन पोरानं 1942 मध्ये एका तळ्याचा असाच हिशेब मांडला. त्यातून पुढे ढोबळ नियम आला, की प्रत्येक पायरीवर दहातला एखादाच भाग वर चढतो. म्हणून गवत भरपूर, चितळ कमी आणि बिबट्या अगदी मोजके.

पण 2015 च्या मोजणीत राष्ट्रीय उद्यान, आरे धरून साधारण 140 चौरस किलोमीटरमध्ये 35 बिबटे निघाले! एवढ्यांना पुरतं कसं? त्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात चितळ-सांबर होतेच, पण खाल्लेल्या मांसाचा जवळपास चौथा हिस्सा कुत्र्यांचा. कुत्री जगतात कचऱ्यावर. कचऱ्यात चपात्या, भात, सडकी भाजी. म्हणजे पंजाबच्या गव्हावर आणि घाटावरच्या, तुमच्याच रानावर पडलेलं ऊन ट्रकने मुंबईत येतं आणि आमच्या दारामागे बिबट्या होऊन फिरतं.

2004 ला उद्यानाच्या कडेने बरीच माणसं गेली, तेव्हा सगळे पिंजऱ्याचंच बोलत होते. उकिरड्याचं कोण बोलणार? आम्ही वाघोबाला नारळ देतो, तो देणारच. पण गेल्या साली पाड्यामागचा उकिरडाही हलवला. कुत्री कमी झाली. बिबट्या अजून येतो, पण थांबत नाही. बांधावरनं पुढे निघून जातो.