इंग्रजीच्या तासाला आलेली आफ्रिका

शाळेचे पाठ्यपुस्तक वरवर पाहता साधी वस्तू. परंतु त्यात कोणाची गोष्ट सांगितली आहे आणि ती कोण सांगतो आहे, यावर वाचणाऱ्या मुलाची स्वतःविषयीची कल्पना घडत असते. विसाव्या शतकात इंग्रजी अंमलाखालील आफ्रिकेत हा प्रश्न माध्यमिक शाळांच्या इंग्रजीच्या वर्गात उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता एक नवे साहित्य जगापुढे आले. त्या देशांतील कित्येक शाळा मिशनऱ्यांनी उभारल्या होत्या. म्हणून हा इतिहास आपणा ख्रिस्ती वाचकांना अगदीच परका नाही.

नायजेरियातील उमुआहिया येथील सरकारी विद्यालयात १९४४ साली चिनुआ अचेबे हा इग्बो मुलगा दाखल झाला. जन्म १९३० चा. वडील अँग्लिकन मिशनचे शिक्षक व उपदेशक. विद्यालय उत्तम होते. आठवड्यातील तीन दिवस वर्ग सुटल्यावर पाठ्यपुस्तकाला हात लावायचा नाही, असा तेथे नियम होता. त्या वेळी मुले ग्रंथालयातील कथा-कादंबऱ्या वाचत. या नियमाने अचेबे यांना वाचनाची गोडी लावली. परंतु त्याच विद्यालयात मातृभाषा बोलण्यास बंदी होती; सोबत्याकडे इग्बो भाषेत साबण मागितला म्हणून त्यांना पहिली शिक्षा झाली. शिवाय त्या कादंबऱ्यांतील आफ्रिका होती ती गोऱ्या साहसवीरांना दिसलेली. अशी पुस्तके वाचताना आपण नकळत गोऱ्यांच्या बाजूने आणि ‘रानटी’ लोकांच्या विरुद्ध उभे राहत असू, असे अचेबे यांनी पुढे लिहून ठेवले आहे. आपल्याच माणसांचा पराभव व्हावा असे मुलाला वाटू लागावे, एवढे सामर्थ्य कथेत असते.

पुढे इबादान येथील विद्यापीठीय महाविद्यालयात जॉइस कॅरी यांची ‘मिस्टर जॉन्सन’ ही १९३९ सालची कादंबरी अभ्यासाला होती. तिचा नायक एक हसरा, भाबडा नायजेरियन कारकून. इंग्लंडात तिची वाहवा झाली होती, पण इबादानच्या विद्यार्थ्यांना त्या नायकात आपल्या ओळखीचा कोणी माणूस दिसेना. या कादंबरीत आपल्याला आवडलेला क्षण एकच, नायकाला गोळी घातली जाते तो, असे एका विद्यार्थ्याने भर वर्गात सांगितले. इंग्रज अध्यापक अवाक् झाले. आपली गोष्ट आपणच सांगितली पाहिजे, हा अचेबे यांचा निश्चय अशा अनुभवांतून पक्का होत गेला.

१९५८ साली लंडनच्या हाइनमन प्रकाशनाने त्यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी काढली. पहिली आवृत्ती अवघ्या २००० प्रतींची. १९६० मध्ये नायजेरिया स्वतंत्र झाला आणि १९६२ मध्ये त्याच प्रकाशनाने ‘आफ्रिकन रायटर्स सीरीज’ ही स्वस्त पुस्तकांची माला सुरू केली. तिचे पहिले पुष्प म्हणजे हीच कादंबरी. पुढील दहा वर्षे अचेबे यांनी कोणतेही मानधन न घेता या मालेचे संपादकीय सल्लागार म्हणून काम पाहिले. आफ्रिकन लेखकांची पुस्तके विद्यार्थ्यांना परवडतील अशा किमतीत मिळू लागली आणि मग शाळांच्या अभ्यासक्रमात त्यांना जागा झाली.

अशी कादंबरी शिकवायची म्हणजे इंग्रजीच्या शिक्षकाला शब्दार्थ व व्याकरणापाशी थांबून चालत नाही. पाहुण्यापुढे कोला फळ का फोडतात, यामाचे पीक ही पुरुषाच्या मोठेपणाची खूण का मानतात, मुखवटे घालून न्यायनिवाडा करणारे पूर्वज कोण, हे सारे उलगडून सांगावे लागते. म्हणींनी भरलेले ते इंग्रजी इग्बो चालीवर चालते. परभाषेच्या तासाला मुलांना अशा रीतीने आपल्या आजोबांचे बोलणे ऐकू आले.

या कादंबरीत मिशनरीही आहेत आणि लेखकाने त्यांना न्यायाने तोललेले आहे. जुळी मुले रानात टाकून देण्याची रूढी, एका निरपराध मुलाचा बळी, यांनी व्यथित झालेला न्वोये ख्रिस्ती गीताकडे ओढला जातो. समाजाने बाहेर ठेवलेल्यांना चर्चमध्ये जागा मिळते. मिस्टर ब्राउन गावकऱ्याशेजारी बसून त्याची देवाविषयीची कल्पना ऐकून घेतात. त्यांच्या जागी आलेले रेव्हरंड स्मिथ मात्र कोणाचे काही ऐकत नाहीत, आणि गाव दुभंगते. सुवार्ता एकच, ती सांगणाऱ्याच्या वृत्तीने केवढा फरक पडतो! कथेच्या शेवटी तर गोरा जिल्हाधिकारी आपल्या नियोजित ग्रंथात नायकाच्या साऱ्या आयुष्याला एक परिच्छेद पुरेल असा हिशेब करतो.

पूर्व आफ्रिकेत याच प्रश्नाने अधिक तीव्र रूप घेतले. केनियात न्गुगी वा थिओंगो यांच्या शालेय दिवसांत गिकुयू बोलणाऱ्या मुलाला छडी, दंड किंवा गळ्यात मानहानीची पाटी अशी शिक्षा होत असे. १९६८ साली नैरोबी विद्यापीठात न्गुगी, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि तबान लो लियोंग यांनी इंग्रजी विभागच बंद करावा, अशी मागणी केली. इंग्रजी साहित्य वाचूच नये असा तिचा अर्थ नव्हता. अभ्यासाच्या मध्यभागी आफ्रिका असावी, लोककथा, गीते व म्हणी यांनाही साहित्याचा मान मिळावा आणि तेथून इतर जगाकडे पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७४ मध्ये नैरोबी येथे शिक्षकांच्या परिषदेत शाळांतील साहित्य-अध्यापनाचा विचार झाला आणि कालांतराने मौखिक साहित्य केनियाच्या माध्यमिक अभ्यासक्रमात आले. न्गुगी पुढे गिकुयू भाषेत लिहू लागले. अचेबे मात्र इंग्रजीतच कादंबऱ्या लिहीत राहिले. अचेबे २०१३ साली व न्गुगी २०२५ साली निवर्तले, पण कोणत्या भाषेत लिहावे हा त्यांचा वाद संपलेला नाही.

याच काळात ख्रिस्तसभेतही असाच विचार चालला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. नैरोबीतील त्या मागणीनंतर वर्षभरातच, ३१ जुलै १९६९ रोजी, पोप सहावे पॉल यांनी युगांडातील कंपाला येथे आफ्रिकन धर्माध्यक्षांना सांगितले की, श्रद्धेचे सार कायम राखून तुमचा ख्रिस्ती धर्म आफ्रिकन असू शकतो, नव्हे असलाच पाहिजे.

त्याचे एक फळ पुढे केनियाच्या वर्गांतच पाहावयास मिळाले. मार्गारेट ओगोला या कॅथलिक बालरोगतज्ज्ञ. नैरोबीत एचआयव्हीबाधित अनाथ बालकांच्या सेवेत त्यांनी आयुष्य वेचले. त्यांची ‘द रिव्हर अँड द सोर्स’ ही कादंबरी १९९४ साली प्रसिद्ध झाली, १९९५ मध्ये तिला राष्ट्रकुल पारितोषिक मिळाले आणि केनियाच्या माध्यमिक शाळांत ती अनेक वर्षे नेमलेली होती. लुओ समाजातील चार पिढ्यांच्या स्त्रियांची ही कहाणी. विधवा झालेली आकोको भाऊबंदांच्या लोभाला विटून मिशनच्या आश्रयाला येते आणि तेथे तिच्या वंशाला नवी पालवी फुटते. अचेबे यांच्या कथेत जे घर दुभंगले, तसेच एक घर येथे पुन्हा उभे राहते. दोन्ही कथा खऱ्या आहेत. म्हणूनच कोणत्याही एका पुस्तकावरून सारी आफ्रिका समजली, असे विद्यार्थ्यांना वाटू देऊ नये.

अचेबे यांची ‘डेड मेन्स पाथ’ ही १९५३ सालची छोटी कथा अनेक देशांत शाळकरी मुले वाचतात. मिशनशाळेचा उत्साही तरुण मुख्याध्यापक शाळेच्या आवारातून जाणारी गावकऱ्यांच्या पूर्वजांची वाट काटेरी तार लावून बंद करतो. गावाचा पुजारी समजूत घालायला येतो. पण मुख्याध्यापक त्याचे म्हणणे हसण्यावारी नेतो. दोनच दिवसांनी गावात एक बाई बाळंतपणात दगावते. पुढे शाळेचे कुंपण आणि बाग उद्ध्वस्त होते, एक इमारतही पाडली जाते. त्या मुख्याध्यापकाचा हेतू वाईट नव्हता. मुलांना शहाणे करावे, हीच त्याची तळमळ होती. पण जिला आपण शहाणपण देणार त्या वस्तीची एक जुनी वाट आपल्या अंगणातून जाते, आणि ती तिला प्राणाइतकी मोलाची आहे, एवढे ऐकून घेण्याचा धीर त्याच्यापाशी नव्हता. शाळा चालवणाऱ्यांनी, धर्म शिकवणाऱ्यांनी आणि घरी मुले वाढवणाऱ्यांनीही ही कथा मुलांसोबत बसून एकदा जरूर वाचावी.