नीतीचा पेपर कोणी काढायचा?

पुण्यात स्वारगेटच्या एस.टी. स्थानकातून शहराच्या दिशेने चालू लागलो, तर पंधरा-वीस मिनिटांत गंज पेठेत पोचता येते. आज तिला महात्मा फुले पेठ म्हणतात. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली याच जुन्या गंज पेठेचा पत्ता आहे आणि नावापुढे व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर अशी ओळख आहे. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी त्यांनी दिली होती: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची तोंडओळख आणि नीती व आरोग्य यांवरचे थोडेसे धडे.

त्याच आयोगाने आपल्या अहवालात महाविद्यालयांसाठी नीतीचे एक पाठ्यपुस्तक तयार करावे अशी शिफारस केली. ते कोणत्याही एका पंथाचे नसावे, 'निसर्गधर्मा'च्या मूलतत्त्वांवर आधारलेले असावे, अशी कल्पना होती. आयोगाचे एक सभासद न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांना ती पटली नाही आणि त्यांनी वेगळे टिपण लिहून आपला विरोध नोंदवला. अडचण खरीच होती. सर्व धर्मांतले वेगळे वेगळे वजा करत गेले, तर 'खरे बोलावे' याच्यापलीकडे हाती काय उरणार? आणि वजा केले नाही, तर सरकारी पुस्तकात धर्म शिरणार.

या सगळ्या चर्चेत मुलांना मात्र कोणी विचारले नव्हते. ती सुरुवात पुढे स्वित्झर्लंडमध्ये झाली. जाँ पियाजे मुलांबरोबर गोट्या खेळायला बसला आणि त्यांना गोष्टी सांगू लागला. एका मुलाने नकळत दार ढकलले आणि पंधरा कप फुटले. दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना एकच कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुले कप मोजतात, मोठी मुले हेतू पाहतात, असे त्याला दिसले. हे त्याचे पुस्तक १९३२ चे. १९५८ मध्ये शिकागोत लॉरेन्स कोहलबर्गने आपल्या प्रबंधात कठीण पेच मांडले. त्यांतला पत्नीच्या औषधासाठी चोरी करणाऱ्या हाइन्झचा पेच बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेला असतो. उत्तर 'हो' की 'नाही' याला कोहलबर्गच्या लेखी महत्त्व नव्हते. तो 'का' ऐकत होता. त्याच्या मूळ अभ्यासात सगळे मुलगेच होते, हे जाता जाता सांगायला हवे.

मुलाखती घेणे वेळखाऊ काम. म्हणून १९७० च्या दशकात जेम्स रेस्टने छापील चाचणी तयार केली. पेच तोच, पण खाली बारा मुद्दे दिलेले आणि विद्यार्थ्याने त्यांतले महत्त्वाचे निवडायचे. तपासणी सोपी झाली. पण सनातनी धर्मश्रद्धा असलेल्या विद्यार्थ्यांचे गुण कमी येऊ लागले आणि वाद पेटला. ही मुले विचारात मागे होती, की श्रद्धेपोटी वेगळा पर्याय निवडत होती? खुणेवरून ते कळत नाही. आमच्या मते दोष मुलांपेक्षा कागदाकडे अधिक जातो.

प्रश्न नेमका केला, की चित्र कसे बदलते पाहा. लॅरी नुची आणि एलियट ट्युरिएल यांनी अमिश-मेनोनाइट आणि ज्यू मुलांना विचारले: देवाने या गोष्टीबद्दल काहीच नियम केला नसता तर ती चालली असती का? विश्रांतीच्या पवित्र दिवशी काम करणे चालले असते, असे बहुतेकांनी सांगितले. चोरी मात्र तरीही वाईटच. देवाने चोरीची आज्ञा दिली असती तर? तरीही बहुतेकांच्या मते चोरी योग्य ठरत नव्हती. हा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. कर्मठ घरांतली मुलेही रूढी आणि नीती यांत फरक करतात, हे त्यातून पुढे आले.

मात्र ही रेघ सगळीकडे एकाच जागी असते का? रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वर आणि शिकागो येथील मुलांना व मोठ्यांना ३९ प्रसंग दिले. त्यांतला एक असा: वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली. भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांना हा अत्यंत गंभीर अपराध वाटला. शिकागोच्या मुलांना त्यात अपराधच दिसेना. १९८७ च्या या निष्कर्षांवर ट्युरिएल आणि सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. त्या मुलांच्या समजुतीप्रमाणे वडिलांच्या आत्म्याला त्यामुळे यातना होतात. मग ती मुले रूढी नव्हे, इजाच मोजत आहेत! तत्त्व तेच, जगाबद्दलची माहिती वेगळी.

आता नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून प्रश्न काढण्याचे काम यंत्राकडे जाऊ लागले आहे. 'आठवीसाठी प्रामाणिकपणावर दहा प्रश्न' एवढे सांगितले की क्षणात दहा प्रश्न, पर्याय आणि उत्तरसूचीसुद्धा! हे यंत्र अफाट मजकुरात कोणत्या शब्दांमागे कोणते शब्द येतात ते शिकलेले असते आणि त्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा असतो. मराठी त्या मानाने नगण्य. त्यामुळे वारंवार छापलेले नमुने नव्या नावांनी परत येण्याचा धोका राहतो. हाइन्झचा हरी केला म्हणून प्रश्न आपला होत नाही. सुतकातला प्रसंग यंत्र लिहीलही. पण एकाच वर्गात सुतक दहा दिवस पाळणारे घर असते, तीन दिवस पाळणारे असते आणि मुळीच न पाळणारेही असते. कोणत्या बाकावर कोण बसले आहे हे आपण यंत्राला सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. उत्तरसूचीत एकच पर्याय 'बरोबर' ठरला, तर बाकीच्या घरांची नीती चुकीची ठरते.

एक सोपा प्रयोग वर्गात करता येईल. यंत्राने काढलेला प्रश्न घ्यावा, पर्याय खोडावेत आणि खाली दोनच ओळी लिहाव्यात: 'हा नियम नसता तर चालले असते का?' आणि 'का?' उत्तरांना गुण देऊ नयेत. वह्या गोळा करून नववीच्या मुलांनाच उत्तरांचे गट पाडायला सांगावे: इजेची कारणे एकीकडे, नियमाची दुसरीकडे. कोणत्याच गटात न बसणारी उत्तरे वेगळी ठेवून तासाचा उरलेला वेळ त्यांच्यावर घालवावा.