पळसगावचा नाईक

लढायांचा इतिहास सेनापतींच्या नावाने लिहिला जातो. आज मला एका नाईकाविषयी बोलायचे आहे. यशवंत घाडगे हे त्याचे नाव. तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, पळसगावी, १६ नोव्हेंबर १९२१ रोजी तो जन्मला. कोकणातल्या गरीब तरुणाला त्या काळी दोन वाटा ठळक दिसत: मुंबईची गिरणी, नाही तर पलटण. यशवंताने पलटण धरली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीबरोबर तो इटलीत पोहोचला.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर मशीनगनचा अगदी जवळून मारा झाला. तुकडीतला प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. उरला तो एकटा यशवंत. बरोबर यायला कोणी नाही हे ठाऊक असूनही तो धावून गेला. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला. टॉमीगनने आणखी एकास टिपले. मॅगझीन बदलायला सवड नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याने झोडपून ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत बसल्या. जिंकलेल्या मोर्चातच त्याने प्राण सोडला. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर मात्र ठाऊक नाही; नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरले आहे.

त्या दिवशी पंडित नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. मग हा पोरगा मेला कोणासाठी? कोणी म्हणतील, पगारासाठी. कोणी म्हणतील, साम्राज्यासाठी. सक्तीच्या भरतीवाचून सुमारे २५ लाख हिंदी माणसे त्या युद्धात उतरली, त्या सर्वांना हाच प्रश्न विचारला जातो. माझा जन्म कामगारांत गेला. पोटासाठी श्रम विकणारा माणूस आपले मन विकत नाही, एवढे मी तेथे शिकलो. त्या क्षणी यशवंताजवळ ना सरकार होते, ना साम्राज्य. भोवती पडलेले सोबती होते.

२०२३ साली इटलीतील मोंतोने गावी त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरच्या लेखाचा आशय आहे. परक्या गावाने त्याची आठवण ठेवली. आपल्या पोरांना त्याचे नाव सांगणे हे आपले काम आहे.