कोरी जावा

चेकोस्लोव्हाकियातल्या यानेचेक महाशयांनी १९२९ साली वांडरर कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले. दोन नावांचे आरंभ जोडून तिकडे जिला 'यावा' म्हणू लागले, तीच आपली जावा. १९६१ साली तिचा कारखाना म्हैसुरास निघाला. त्या टंचाईच्या काळात नाव नोंदवून वाट पाहणाराच्या ओठीही 'यावी, एकदाची यावी' हेच असणार! मग हार, हळदकुंकू, पेढे. किक आणि गिअर एकाच दांडीत, हे नवल साऱ्या आळीला दाखवायचे. आणि नेमके तेव्हाच गाडी पळवायची नाही! नवे पिस्टन-सिलिंडर घासून एकमेकांशी जुळेपर्यंत शेकडो किलोमीटर सबुरीने काढायचे. मला तर नव्या गाडीचे सुख या सक्तीच्या मंदगतीतच दिसते. वाटेतल्या प्रत्येक ओळखीच्याला ती निवांत पाहता येई.