विलोवरची करवतमाशी : एक कीटक, दोन नावे

क्रिकेटच्या बॅटमुळे विलो हे झाड आपल्याला नावाने परिचित आहे. आपल्या ओढ्याकाठचा वाळुंज हा त्याचाच भाऊबंद. या झाडाची पाने फस्त करणाऱ्या एका करवतमाशीची खरी ओळख पटायला सतरा वर्षे लागली, त्याची ही हकीकत.

करवतमाशी ही खरे तर माशी नव्हे. मधमाशी आणि गांधीलमाशी ज्या गणात येतात त्याच गणातली ती. मादीच्या पोटाच्या टोकाला करवतीसारखा दातेरी अवयव असतो. त्याने पान चिरून ती आत अंडे घालते. अळी हिरवी, सुरवंटासारखीच दिसते. पण फुलपाखराच्या सुरवंटाला पोटाखालच्या मांसल पायांच्या फार तर पाच जोड्या असतात, करवतमाशीच्या अळीला सहा किंवा अधिक. इथवर ओळख सोपी. नेमकी जात ठरवणे मात्र कठीण. कारण नेमाटस प्रजातीत एकसारख्या दिसणाऱ्या जाती पुष्कळ आणि मेल्यावर त्यांचा हिरवा रंगही उडतो. अशा वेळी करवतीच्या दातांची ठेवण हा मोठा पुरावा ठरतो.

१९८३ साली डेव्हिड स्मिथ यांनी अर्जेंटिनातल्या विलोवरील करवतमाशीचे नवी जात म्हणून वर्णन केले. तिथले कीटकशास्त्रज्ञ लुइस दे सांतिस यांच्या गौरवार्थ तिला 'नेमाटस देसांतिसी' हे नाव मिळाले. दक्षिण अमेरिकेत विलोची एक देशी जात आहे. तेव्हा कीटकही तिथलाच, असे मानायला जागा होती. पुढे तशीच माशी दक्षिण आफ्रिकेत आणि १९९७ मध्ये न्यूझीलंडमध्ये सापडली. सगळीकडे माद्याच, नराविना त्यांची वीण वाढत होती.

अखेर २००० साली फ्रँक कोख आणि स्वतः स्मिथ यांनी दाखवून दिले, की ही जात नवी नाहीच. आखेन शहरातले शिक्षक आर्नोल्ड फोर्स्टर यांनी १८५४ मध्येच तिला 'नेमाटस ऑलिगोस्पिलस', म्हणजे 'थोड्या ठिपक्यांची', असे नाव दिले होते. नियमाप्रमाणे जुने नाव टिकले. ज्यांनी नवे नाव दिले, त्यांनीच ते मागे घेतले.

हा केवळ नावाचा वाद नव्हता. खऱ्या नावामुळे माशीचे मूळ घर उत्तर गोलार्धात आहे हे कळले आणि तिचे नैसर्गिक शत्रू कुठे शोधायचे तेही. न्यूझीलंडमध्ये नदीकाठ धरून ठेवण्यासाठी विलो लावतात, म्हणून तिथे ती कीड ठरली. ऑस्ट्रेलियात बहुतेक विलो उपद्रवी तण मानले जातात. २००४ साली ती तिथे पोचली तेव्हा तिला कीड म्हणावे की मदतनीस, असा प्रश्न पडला.